वास गेला की तयार

१८ सप्टेंबर

प्रिय बारके,

हे खुशालीचं पत्र नाही. चहा घेत वाचायला बसली असशील तर कप आधी बाजूला ठेव. फोनवर बोलले असते, पण घर एवढंसं, तुझा भाऊ सदा कानाच्या टप्प्यात, आणि जे सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे.

तू उन्हाळ्यात त्याला मासळीच्या खताची कृती लिहून पाठवलीस. तुला वाटलं असेल, निवृत्त माणूस आहे, बागेत रमेल, वहिनीच्या पायात पायात येणार नाही. तर तो रमलाय. त्याने एक निळं पिंप आणलंय, माझ्या कमरेएवढं, आणि ठेवलंय कुठे तर माझ्या शिवणाच्या खोलीच्या खिडकीखाली. का, तर तिथे दुपारनंतर सावली असते. मासळीबाजारातून डोकी, कल्ले, आतडी, खवले असं सगळं पिशव्या भरभरून आणतो आणि त्यात टाकतो. वर पाणी, साखर आणि बुरशी आलेला पाव. पहिल्यांदा नुसता फेस आला. मग त्यावर राखाडी साय धरली, आणि त्या सायीखाली काहीतरी हलत होतं. मी वाकून पाहिलं, ही माझी चूक. पांढऱ्या अळ्या सायीला आतून ढुशा देत होत्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

तो ते माझ्या जुन्या झाडूच्या दांड्याने ढवळतो. हात पाटलोणीला पुसतो आणि तीच पाटलोण घालून माझ्या खुर्चीवर येऊन बसतो. काल त्याच हातांनी त्याने माझ्या ताटातला पाव उचलला. मी ताट तसंच सरकवून दिलं त्याच्याकडे, तर म्हणाला, "तुला नको का?" आणि खाल्लं की सगळं.

बाकी बागेचं काम तो नेटाने करतोय, ते मी नाकारत नाही. तुमच्याकडे पानं गळायला लागली की लोक बागेची आवराआवर करतात, इथे आमचं आत्ता कुठे सुरू होतं. उन्हाळाभर रोपांवर बांधलेलं सावलीचं कापड त्याने काढलं, धुऊन घडी घातली. नळ्यांच्या तोंडाशी साचलेला पांढरा क्षार टाचणीने उकरून काढला. जमीन इतकी कडक झालीय की कुदळ मारली की ठिणगी उडते. खड्डा खणायचा, तो पाण्याने भरायचा, जिरलं की आणखी खणायचं, असं चाललंय. लिंबाचं रोप लावलं, लसूण आणि कांदा लावला. वाफे जमिनीपेक्षा खोल केलेत, म्हणजे असेल नसेल ते पाणी तिथेच थांबावं. दिसायला छान दिसतंय. पण बघायला खिडकी उघडावी लागते.

आणि खिडकी मी उघडत नाही. बंद खोलीत घामाने भिजून शिवते. परवा वकीलबाई कोट न्यायला आल्या. अस्तर नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं शिवतेय, असं कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

रोज सकाळी मी त्याला सुनावते. अहो, आज नासक्या अंड्यासारखं येतंय. आज गटार तुंबल्यासारखं. आज त्याच्या जोडीला काहीतरी आंबट आहे. आणि तो ऐकतो, बरं का. हातातलं काम थांबवून, माझ्या तोंडाकडे बघत, सगळं नीट ऐकतो आणि मग ढवळायला जातो. उद्धटपणे उत्तर दिलं असतं तर परवडलं असतं. हे ऐकून घेणं माझ्या डोक्यात जातं.

तू त्याला लिही. तुझं ऐकतो तो.

तुझी,
वहिनी


२९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

कप बाजूला ठेवायचं ते वाचेपर्यंत चहा निम्मा संपला होता. उरलेला बेसिनमध्ये ओतला. ती सायीची गोष्ट तू इतकी मन लावून का लिहितेस?

तुला वाटतं मी इथे फुलांच्या घमघमाटात बसलेय. अगं, रोपवाटिकेच्या कचेरीत छप्पर गळतं. कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी आलीय, आणि रोज सकाळी माझ्या टेबलावर बिनशंखाच्या गोगलगाई शेंबूड सांडल्यासारख्या रेघा ओढून गेलेल्या असतात. एकीवर माझा हात पडला. ती थंड होती एवढंच सांगते. तेव्हा घाणीचं कौतुक मलाही नको सांगूस.

कृती माझीच, कबूल. पण तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही. इथे सगळे करतात. सुरुवातीला वास मारतो, पुढे कमी होत जातो. मी दादाला स्पष्ट लिहिलंय: वास गेला, ओल्या मातीसारखा यायला लागला, की समजायचं तयार. त्याआधी घातलं तर मुळं जळतात. आणि वास गेला की नाही हे ओळखायला तुझ्या नवऱ्यापेक्षा मोठा जाणकार तुला मिळणार आहे का? साबणाच्या कारखान्यात अख्खं आयुष्य सुगंध जुळवत काढलं त्याने. तिथे त्याला वास-मास्तर म्हणायचे. मी कॉलेजात लपूनछपून सिगारेट ओढली होती, तोंडात मूठभर बडीशेप कोंबून घरी आले, तर याने जिन्यातच ओळखलं. वर कुठली सिगारेट तेही सांगितलं. आईने मला दोन दिवस घराबाहेर पडू दिलं नाही. त्या नाकावर भरवसा ठेव.

आता खरा सल्ला ऐक. तू ओरडतेस म्हणून त्याला चेव येतो. लहानपणापासून तसाच आहे, आपण जितकं नाक मुरडू तितकं तो ते करणार. मी रडायची म्हणून माझ्या उशीवर झुरळं ठेवायचा. रडायची थांबले, तर झुरळंही थांबली. तू गप्प बस. वासाबद्दल चकार शब्द काढू नकोस. तोंड वाकडं करू नकोस, नाकाला पदराचं, रुमालाचं, कशाचंच टोक लावू नकोस. काही नाहीच असं वाग. बघ, पिंप आपोआप मागच्या कुंपणाशी जातं की नाही.

मी त्याला लिहिणार नाही. तू चुगली केलीस असं वाटेल त्याला.

तुझी,
बारकी

ता.क. वाफे खोल का केले? उंच करायला सांग. मुळं कुजतील.


८ ऑक्टोबर

प्रिय बारके,

वाफे उंच केले तर इथे दुपारपर्यंत त्यांची वीट होईल. तुझं पावसाळी शहाणपण तुझ्याकडेच ठेव. बाकीचं ऐकलंय.

मी गप्प आहे. पिंपाजवळून जाताना श्वास कोंडते आणि चेहरा असा ठेवते की देवळातल्या मूर्तीनेही शिकावं. दोनदा पोटातून उमळून आलं, दोन्हीदा न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. जेवताना वासाचा विषय काढत नाही. खरं सांगायचं तर कुठलाच काढत नाही. एक विषय गाळायचा ठरवला की कळतं, आमच्यात बोलायला दुसरं उरलंच नव्हतं.

तुझा सल्ला लागू पडतोय का, सांगता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस तो सकाळी दारात येऊन उभा राहायचा, माझ्या सुनावण्याची वाट बघत असल्यासारखा. मी मशीन चालवत राहिले. मग विचारलं त्याने, "आज काही म्हणाली नाहीस?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तो माझ्या तोंडाकडे बघून खूश होऊन गेला. खरंच खूश, बारके. गुणगुणत मटार भिजत घातले. मला वाटलं, जिंकला म्हणून खूश आहे. त्या गुणगुणण्याने माझं डोकं उठलं.

आणि आता मला त्याचीच किळस यायला लागलीय, पिंपाची नव्हे. हे मी तुला लिहितेय, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. परवा ओट्यावर दूध राहिलं. नासलं, गाठी झाल्या. मी टाकायला गेले तर याने त्याच्यात चहा ओतलेला आणि उभ्या उभ्या पितोय. म्हटलं, कसं आहे? म्हणाला, "छान." मिशीला दुधाची गाठ लागलेली. गेले कित्येक महिने हेच. काहीही ताटात वाढा, छान. हिंग जास्त पडला, छान. करपलं, छान. हाच माणूस पूर्वी फाटकातून सांगायचा की आज कांदा जरा जास्त परतलास. मी चिडायचे तेव्हा. आता तो टोमणा आठवतो. ज्याला काहीच जाणवत नाही त्याच्यासाठी चूल कशाला पेटवायची?

कपडेही पुरते बदलत नाही. अंगाला तो आंबूस वास. मी शिवणाच्या खोलीत झोपते हल्ली, कमरेचं निमित्त सांगून.

मास्तरीणबाई, त्या भिंतीपलीकडच्या, काल विचारत होत्या की आमच्याकडे मांजर मेलंय का. मी म्हटलं, माहीत नाही.

तुझी,
वहिनी


१५ ऑक्टोबर

वहिनी,

घाईत लिहितेय, कचेरीत पाणी शिरलंय. सोडू नकोस, चालू ठेव. पुरुषांना शांततेची सवय नसते, लवकरच शरण येईल.

नासकं दूध पिणं ही निव्वळ चिकाटी आहे, आमच्या घराण्याची. वाया घालवायचं नाही म्हणून बाबा आंबलेलं काहीही खायचे.

एक विचारते. भाचीचा फोन आला होता. म्हणाली, आई येणार म्हणून मागच्या खोलीतला पलंग खिडकीकडे सरकवलाय, आत्या, तुझ्याकडे जास्तीची गादी आहे का. तू जातेयस का तिच्याकडे? मला बोलली नाहीस. किती दिवस?

बारकी


२४ ऑक्टोबर

बारके,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी काय झालं ते ऐक.

मंगळवारी सकाळी मी दंतवैद्याच्या दवाखान्याचे पडदे शिवत होते. पांढरे. तो खिडकीबाहेर आला, पिंपाचं झाकण काढलं, कमरेत वाकला आणि तोंड अगदी आत घातलं. बराच वेळ. मग सरळ झाला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. मी सुईकडे बघत होते, तुझ्या आज्ञेप्रमाणे, चेहऱ्यावरची रेषा न हलवता. काचेला बोट वाजवून म्हणाला, "वास गेला. तयार झालं."

बारके, बंद काचेआड माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं त्या वासाने. मला वाटलं, ही थट्टा आहे. मी इतके दिवस सोसलं, त्यावर हा मला वाकुल्या दाखवतोय.

आणि त्याने ते ओतलं. बादलीमागून बादली, सगळ्या वाफ्यांत, लिंबाच्या आळ्यात, कुंपणाच्या कण्हेरीला. पाणी न घालता, तसंच दाट. वाफे खोल, त्यामुळे काहीही वाहून गेलं नाही, सगळं तिथेच तळ्यासारखं साचलं. वर माशांची डोकी तरंगत होती. डोळे विरघळून गेलेले, जबडे उघडे. दुपारच्या उन्हात त्यावर कातडं धरलं. मग माश्या आल्या. इतक्या की मशीन बंद केलं तरी घरघर चालू आहे असं वाटत होतं. त्यांच्यामागून आजूबाजूची सगळी मांजरं. त्यांनी एकेक डोकं ओढून नेलं आणि लोकांच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवलं. मास्तरीणबाईंच्या उंबऱ्यावर एक, तोंड दाराकडे करून.

गल्लीतले लोक आले, नाकाला कापड लावून. एक म्हातारा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "घरात सगळी माणसं ठीक आहेत ना?" त्याला वाटलं कोणी मेलंय आणि आम्ही सांगत नाही. मी मान हलवली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कण्हेरीत ओकले.

तुझा भाऊ मधोमध उभा, हातात बादली. म्हणतो, "काय झालं?"

मी म्हटलं, "अहो, तुमच्या नाकाला भोकं आहेत की नाहीत?"

तो हसला. घाबरून हसावं तसं. म्हणाला, "येतोय थोडासा. जाईल."

दोन दिवसांत लसणाच्या पाती पिवळ्या पडून आडव्या झाल्या. मटार उगवलेच नाहीत. लिंबाची पानं कडेने करपली. पडदे तीनदा धुतले, वास हटत नाही. दंतवैद्याला सांगितलं, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला बोलले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी मुलीकडे जातेय, आणि हे आजचं ठरलेलं नाही. पलंग सरकवायला मीच सांगितलं होतं, तुझं पहिलं उत्तर येण्याआधी. मशीन नेणार आहे. त्यावरून किती दिवस ते तूच समज. तुझ्या भावाला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला मुलगी गाडी घेऊन येईल तेव्हा कळेलच. मला त्याच्याशी भांडायचं नाही. भांडायला त्याच्या जवळ जावं लागतं, आणि ते माझ्याच्याने होत नाही.

वहिनी


३० ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले. मांजरांपाशी तर फारच. मग रात्रभर एक वाक्य डोक्यातून जाईना: वास गेला, तयार झालं.

दादा खोड्या काढतो, पण झाडांशी नाही काढणार. ती कृती त्याने पाठ केली होती. मुळं जळतात हे त्याला माहीत होतं. उन्हात खणून लावलेली रोपं तो थट्टेसाठी मारणार नाही. तो म्हणाला ते त्याला खरं वाटलं म्हणून म्हणाला.

मग मी तुझी आधीची पत्रं काढली. नासकं दूध. करपलेलं छान. आणि मला माझंच एक आठवलं. गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते, तेव्हा त्यानेच जुळवलेल्या सुगंधाचा साबण मुद्दाम शोधून आणला होता. त्या साबणाने आंघोळ करून दादाच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं ओळखेल आणि खुलेल. तो हवापाण्याबद्दल बोलत राहिला. मला इतकं लागलं होतं ते. म्हटलं, म्हातारा झाला, स्वतःचं काम विसरला. तुला बोलले नाही.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, रोज सकाळी तू वास कसा आहे ते सांगायचीस आणि तो काम थांबवून, तुझ्या तोंडाकडे बघत ऐकायचा. मग मी तुला गप्प राहायला सांगितलं. चेहरासुद्धा हलवू नकोस म्हटलं. मग तो म्हणाला, वास गेला.

वहिनी, तू जायचं तर जा. मी तुला अडवणार नाही, दादा माझा भाऊ असला तरी. पण जाण्याआधी एकदा खात्री कर. दोन फडकी घे. एकावर घासलेट टाक, एक नुसतं पाण्यात भिजव. आणि चेहरा जसा इतके दिवस ठेवलास तसा ठेव.

बारकी


१२ नोव्हेंबर

प्रिय बारके,

केलं. तो स्वयंपाकघरात लसणाच्या पाकळ्या सुट्या करत बसला होता, पुन्हा लावायला. मी घासलेटाचं फडकं त्याच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, हे कसलं आहे सांगा. कशासाठी विचारतेय हे त्याने विचारलं नाही. श्वास ओढला. फडक्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिला. डोळे माझ्या नाकावर, मग ओठांवर, मग कपाळावर. मी दगड. शेवटी म्हणाला, "लिंबू?"

मग पाण्याचं फडकं धरलं. पुन्हा तेच, माझ्या चेहऱ्यावर शोधाशोध. म्हणाला, "हे जरा उग्र आहे."

बारके, त्याचा तो चेहरा मला बघवला नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराचा असतो तसा, आणि तोही साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर. मी फडकी बेसिनमध्ये टाकली आणि विचारलं, "कधीपासून?"

"कारखाना सोडायच्या आधीपासून."

तो ताप आला होता, आठवतंय तुला? त्यातून उठला तेव्हाच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं धरून चालू नका. हे मला आत्ता कळतंय. कारखान्यात त्याने पुढे कसं निभावलं ते ऐक. हाताखालच्या मुलीला नमुना हुंगायला द्यायचा आणि तिचा चेहरा बघून माप ठरवायचा. तिला वाटायचं, साहेब शिकवतायत. मग एकदा तिला सर्दी झाली आणि साबणाचा अख्खा घाणा बिघडला. कोणी काही म्हणायच्या आत याने राजीनामा दिला. आणि मला घरी येऊन म्हणाला, मन भरलं.

तुला वाटेल मला दया आली. नाही आली. मला चीड आली. मी ताट वाढून विचारायचे, कसं झालंय, आणि हा माझ्या तोंडाकडे बघून छान म्हणायचा. एवढे महिने. मी स्वतःलाच चाखून स्वतःलाच शाबासकी देत होते तर. सांगते तुला, त्या पिंपातल्या सायीने जेवढं ढवळलं नव्हतं तेवढं या छानने ढवळलं. मी त्याला हे सगळं बोलले. लबाड म्हटलं. बॅग भरलेली आहे आणि मुलगी न्यायला येतेय हेही सांगून टाकलं.

तो पाकळ्या सुट्या करत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू हळू आवाजात बोलायला लागली असतीस. आजाऱ्याशी बोलतात तसं. मग नाकही मुरडलं नसतंस, मला वाईट वाटेल म्हणून."

"मग?"

"मग मला काहीच कळलं नसतं. तू ओरडतेस तेव्हा घरात काय आहे ते मला कळतं."

मी विचारलं की मग एवढी घाण करायची काय गरज होती, शेणखताने भागत नव्हतं? तर म्हणाला, "सगळ्यात वाईट काय असतं ते केलं. म्हटलं, काहीतरी पोचेल." रोज सकाळी तोंड आत घालून तो तेच बघत होता. पोचलं नाही. माझ्याकडून ऐकून त्यावर भागवत होता. मग मी बोलायची थांबले. "तू काही म्हणेनास," तो म्हणाला, "मला वाटलं, खरंच गेला. तुझा त्रास संपला. बरं वाटलं मला त्या दिवशी."

ते गुणगुणणं त्यासाठी होतं, बारके. आणि मी त्यावर चरफडत बसले होते.

मी काही गळ्यात पडले नाही. उठले, तोंडाला फडकं बांधलं, म्हटलं चला, आता हे निस्तरायचंय. दोन दिवस लागले. वाफ्यांचा वरचा थर खरवडला. तो कातड्यासारखा सोलून येतो, खाली काळं, लिबलिबीत, आणि त्यात अजून जिवंत अळ्या. कुंपणाशी खोल खड्डा खणून सगळं त्यात लोटलं, पिंपातलं उरलेलंसुद्धा, वर कोरडी माती आणि चुना. मग आंघोळीचं, भांड्याचं, मिळेल ते पाणी वाफ्यांत सोडलं, जिरू दिलं, पुन्हा सोडलं. नवीन माती, नवा लसूण, मटार. वर गवताचं जाड आच्छादन, म्हणजे ओल टिकेल. लिंबाने एक कोंब धरलाय, जगेल बहुतेक. अजून उशीर झालेला नाही. इथे थंडीत मुळं हळूहळू खाली जात राहतात.

खणता खणता तो विचारायचा, "आता कसा आहे?" आणि मी सांगायचे. आडपडदा न ठेवता. वरचा थर, म्हटलं, मेलेल्या उंदराचा. त्याखालचा ओल्या मोज्यांचा, ते मोजेही तुमचेच. खड्ड्यातला सांगण्यासारखा नाही. "सांग ना," म्हणाला. सांगितलं, आणि सांगताना पुन्हा ओकले. तो पाणी घेऊन आला. मी म्हटलं, लांब उभे राहा, तुमच्याही अंगाला येतोय. त्याने शर्टाची बाही नाकाशी नेली, सवयीने, आणि मग खाली केली. "किती?" म्हणाला. मी म्हटलं, पुष्कळ. तो गेला, आंघोळ करून आला, समोर उभा राहिला. मी हुंगलं. अजून येतोय म्हटलं. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कमी होता. तसं सांगितलं मी त्याला, कमी आहे, गेलेला नाही. खोटं बोलायला आता मीही धजत नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. शिवणाच्या खोलीतच झोपते. खिडकी मात्र आजपासून उघडी आहे.

मुलीला फोन केला, येऊ नकोस म्हटलं, पलंग होता तिथे सरकव. ती म्हणाली, का गं, तूच तर म्हणत होतीस की घरात क्षणभर राहवत नाही इतकी घाण आहे. मी म्हटलं, आहेच. म्हणून तर मला इथे राहायला हवं.

तुझी,
वहिनी